बडोदे ते कच्छ: सहा दिवस, दोन गाड्या आणि वेड्या बाभळीचा काटा

रापर सोडून तासभर झाला असेल. रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना गांडो बावळ, म्हणजे कच्छभर पसरलेली ती वेडी बाभूळ. अचानक माझी गाडी मागून डोलायला लागली. डांबर वितळलंय की काय असं क्षणभर वाटलं, पण जानेवारीत डांबर कुठलं वितळायला. थ्रॉटल हळूहळू सोडला, मागच्या ब्रेकवर पाय ठेवला नाही, हँडल सरळ धरलं आणि गाडी आपोआप थांबेपर्यंत वाट पाहिली. मागच्या टायरमध्ये बोटभर काटा रुतला होता.

गाडी कुठली घ्यावी, हा प्रश्न मला गेली दोन वर्षं सारखा विचारला जातो. त्याचं निम्मं उत्तर मला त्या रस्त्याच्या कडेला मिळालं, म्हणून सुरुवात तिथून केली.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते, उंची पाच फूट तीन इंच. माझी गाडी हीरो एक्सपल्स २०० फोर व्ही. बरोबर माझा मामेभाऊ होता, त्याची जुनी ४११ सीसीची हिमालयन. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, लडाखला दोनदा जाऊन आलेला. मी गाडी घेत होते तेव्हा घरातले सगळे मायलेज आणि किंमत विचारत होते. दादाने शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत नेऊन एकच सांगितलं, "ताई, ही आडवी करून दाखवतो, तू उचल." मी लहान असूनही तो मला ताईच म्हणतो. एक्सपल्स साधारण १५९ किलोची, ती मी दुसऱ्या प्रयत्नात उचलली. नंतर त्याची हिमालयन आडवी केली. ती दोनशे किलोच्या आसपास आहे, आणि ती मला एकटीला हलेना. निर्णय तिथेच झाला.

सीटची उंची बघितली तर निर्णय उलटा व्हायला हवा होता. हिमालयनची सीट ८०० मिलिमीटरवर आहे, एक्सपल्सची ८२५. कागदावर हिमालयन माझ्या उंचीला सोयीची. पण एक्सपल्सची सीट पुढे अरुंद आहे आणि वजन बसलं की सस्पेन्शन थोडं दबतं, त्यामुळे एक पाऊल पुढच्या चवड्यापर्यंत टेकतं. दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत असं काही नाही. थांबताना एक पाय टेकायचा आणि शरीर त्याच बाजूला सीटवरून थोडं सरकवायचं, ही सवय लावावी लागते. मी ती अकोटा स्टेडियमच्या बाजूच्या रस्त्यावर रोज पहाटे लावली. गाडीची उंची कमी करणारे सस्पेन्शनचे जोड (लिंक) बाजारात मिळतात. मी ते टाळले, कारण गाडीचं पोट आणि जमीन यांतल्या ज्या अंतरासाठी, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्ससाठी, ही गाडी घ्यायची तोच मग कमी होतो.

हायवेवर मात्र दोनशे सीसीची मर्यादा कळते. ताशी ७५-८० वर ती दिवसभर सुखाने चालते, त्यापुढे इंजिन तक्रार करतं. ज्यांना दिवसाला सहाशे किलोमीटर हायवेच कापायचाय, त्यांनी ४०० सीसीच्या आसपासची किंवा वरची गाडी बघावी. नवी हिमालयन ४५०, केटीएम ३९० ॲडव्हेंचर या वर्गातल्या आहेत. मधल्या गरजेला सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २५० आहे. पुढे १९ इंची चाक, अलॉय रिम आणि ट्यूबलेस टायर, म्हणजे काटा लागला तर चाक न काढता प्लग मारून पुढे. बाभळीच्या मुलखात ही फार मोठी सोय आहे. उलट आमच्या गाड्यांसारखी स्पोकची चाकं खड्ड्यात वाकली तरी ठोकून सरळ होतात, अलॉयला तडा गेला की प्रवास संपतो. दोन्हीतलं काय हवं ते तुमच्या रस्त्यांवरून ठरवा.

आता प्रवास.

आम्ही १७ जानेवारीला निघालो, मुद्दाम उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण दोन्ही उलटल्यावर. गुजरातबाहेरून येणाऱ्यांना हे आवर्जून सांगते: त्या आठवड्यात दुचाकी काढू नका. रस्त्यावर आडवा आलेला मांजा गळा कापतो, आणि तो दिसत नाही. सण संपल्यावरही झाडांना, तारांना लटकलेला दोरा आठ-दहा दिवस राहतो. आमच्याकडे या दिवसांत हँडलला तारेची उंच कमान लावतात, ती आम्ही लावली होती. गळ्याभोवती जाड कापडाचा पट्टा आणि हेल्मेटची काच खाली. अहमदाबादच्या अलीकडे दादाच्या कमानीला खरंच एक दोरा अडकला.

दुसरी गोष्ट, बडोदे-अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. नकाशा तुम्हाला तिकडेच ढकलतो, तेव्हा आधीच सेटिंग बदला आणि आणंद-नडियादचा जुना हायवे धरा. पहाटे पाचला निघालो, दशम्या आणि लसणाची चटणी डब्यात. साणंद, विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद असं करत माळियापर्यंत रस्ता उत्तम, पण ट्रेलर फार. कांडला आणि मुंद्रा बंदरांची आणि मोरबीच्या टाइल्सची वाहतूक याच रस्त्याने. ट्रेलर ओलांडताना त्याच्या आडोशातून बाहेर आलात की बाजूचा वारा एकदम अंगावर येतो. सूरजबारीच्या पुलावर तर हलकी गाडी हातभर सरकते. हँडल घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा. समोर पवनचक्क्यांची रांग दिसली की सामखियाळी आली. मुक्काम तिथेच केला, जेमतेम साडेतीनशे किलोमीटर झाले होते. पहिल्याच दिवशी धोळावीरा गाठायच्या नादात अंधारात गाडी चालवू नका. नीलगाय रस्त्यावर येते तेव्हा ती कुठल्या बाजूला वळेल हे तिलाही ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी रापरला टाक्या काठोकाठ भरल्या. पुढे पंपाच्या भरवशावर राहायचं नाही, असा आमचा नियम होता. माझी टाकी १३ लिटरची, सरासरी लिटरला ३८ किलोमीटर पडली, म्हणजे साडेचारशेला मरण नाही.

आणि मग तो काटा. माझ्या गाडीला सेंटर स्टँड नाही. मागचं चाक काढायचं तर साइड स्टँडच्या समोरच्या बाजूने स्विंग आर्मखाली, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली, काहीतरी टेकू हवा. चपटे दगड शोधायला वीस मिनिटं गेली. एक्सल सोडवून, चेन उतरवून चाक बाहेर आलं, पण टायरची कड रिमला चिकटून बसली होती. पायांनी दाबून सुटेना. तेव्हा दादाने चाक जमिनीवर आडवं टाकलं, आपली हिमालयन शेजारी आणली, तिचा साइड स्टँड बरोबर टायरच्या कडेवर टेकवला आणि गाडीचं वजन हळूच त्यावर सोडलं. पक्कन आवाज झाला आणि कड सुटली. ही युक्ती लक्षात ठेवा, हिच्यामुळे दोन तास वाचतात.

पुढचं काम धीराचं. लिव्हरने (टायर काढायच्या लोखंडी पट्टीने) कड काढताना समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून ठेवायची, नाहीतर कितीही जोर लावला तरी टायर उतरत नाही. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवू नका, कापड फिरवा. कापड जिथे अडकेल तिथे काटा. आम्हाला एक दिसला होता, कापडाला आणखी तीन सापडले. ते राहिले असते तर नवी ट्यूब दहा किलोमीटरसुद्धा टिकली नसती. नवी ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा भरा, म्हणजे ती पीळ खात नाही आणि लिव्हरखाली चिमटत नाही. चाक बसवल्यावर चेन ताणायच्या स्क्रूजवळच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, ते बघा.

शेळ्या घेऊन जाणारे एक आजोबा सगळा वेळ उभे राहून बघत होते. "बेन, बावळियो वाग्यो?" (ताई, बाभळीचा काटा लागला?) एवढंच विचारलं, आणि चाक बसवताना न सांगता गाडी मागून धरली. निघताना त्यांना दशमी दिली तर त्यांनी आम्हाला छास, म्हणजे ताक, पाजली.

ट्यूबबद्दल अजून एक. आमच्या दोन्ही गाड्यांचं पुढचं चाक २१ इंची, मागचं मात्र माझं १८ आणि त्याचं १७. जागा नसेल तर निदान २१ ची एक ट्यूब बरोबर ठेवा, अडचणीत ती मागच्या चाकातही तात्पुरती कोंबता येते आणि गावापर्यंत पोचवते. एकत्र जाणाऱ्यांनी गाड्या घेतानाच चाकांचे आकार जुळतात का ते पाहावं.

धोळावीऱ्याबद्दल मी इथे फार लिहीत नाही, कारण त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. १९६७-६८ मध्ये जगत्पती जोशींनी हे स्थळ शोधलं, १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांनी उत्खनन केलं, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी अडवून हडप्पाकालीन लोकांनी एवढं मोठं शहर पोसलं. खडकात कोरलेल्या त्या हौदांच्या काठावर, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या मोजत उभं राहिलं की त्यांची करामत जास्त कळते. गाईड घ्या आणि सकाळी जा.

तिसऱ्या दिवशी धोळावीरा ते खावडा. खडीर बेटातून निघून सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता थेट मोठ्या रणातून जातो, लोक त्याला रोड टू हेवन म्हणतात. आमच्या वेळी एका बाजूला अजून पाणी होतं आणि दुसरीकडे मीठ. क्षितिजच नव्हतं. फोटोसाठी मी गाडी कडेला घेतली, साइड स्टँड टाकला, चार पावलं गेले, आणि मागे धप्प आवाज. वरून पांढरी टणक दिसणारी ती खपली पापडाएवढी असते, खाली काळा ओला चिखल. स्टँड हळूहळू आत गेला होता.

इथे शोरूममागची तालीम कामी आली. इग्निशन बंद केलं, गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे ती घरंगळत नाही. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवलं. पाठ सीटला लावली, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या कॅरियरला, आणि कमरेने न ओढता मांड्यांच्या जोरावर मागे छोटी छोटी पावलं टाकत गेले. बॅगा आधी उतरवल्या. दादा शंभर मीटर पुढे होता, तो वळून येईपर्यंत गाडी उभी होती. तो काही बोलला नाही, फक्त हसला. मला तो क्षण सगळ्या सहलीपेक्षा जास्त आवडला.

खावड्याला एका दुकानातून फळीचा हातभर तुकडा मागून घेतला. त्याला भोक पाडून सुतळी बांधली. स्टँडखाली फळी ठेवायची, गाडीवर बसल्यावर सुतळी ओढून वर घ्यायची. बाजारातला कुठलाही महागडा पॅड इतका कामाचा नाही. आणि रणात गाडी घालू नका. चाकाच्या खुणा महिनोन्‌महिने राहतात, आणि रुतलात तर ओढायला कुणी नाही.

खावड्याहून काळो डुंगर. कच्छमधली ही सर्वांत उंच जागा, सुमारे ४६० मीटर, आणि वर दत्तात्रेयांचं देऊळ. आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांची दत्ताची वारी म्हणजे टेंबे स्वामींच्या समाधीमुळे गरुडेश्वर. सामान बांधून पहिली चाचणी स्वारी मी तिथेच केली होती, आणि तुम्हीही लांब निघण्याआधी अशी शंभर-दीडशे किलोमीटरची चाचणी करा, कुठला पट्टा सुटतो ते कळतं. काळ्या डोंगरावर पुजारी ठरलेल्या वेळी भाताचा प्रसाद ठेवून हाक मारतात आणि कोल्हे येतात. देवाने भुकेल्या कोल्ह्यांना स्वतःचं अंग देऊ केलं, "ले अंग" म्हणाले, त्याचंच या हाकेत "लोंग" झालं अशी कथा आहे. आईने दिलेला नारळ चढवला. उतरताना दुसऱ्या गिअरवर या, वळणांवर वाळू असते.

धोरडोच्या पांढऱ्या रणासाठी भिरंडियारा नाक्यावर परवाना लागतो, मूळ ओळखपत्र आणि झेरॉक्स जवळ ठेवा. दुपारच्या उन्हात मिठावरून डोळे दिपतात, म्हणून गॉगल हवा, पण हेल्मेटची काच साधीच ठेवा. संध्याकाळी काळी काच घातक.

भूज, तिथून लखपत आणि नारायण सरोवर, मग मांडवी. लखपतच्या तटावर उभं राहून समोरची कोरी खाडी बघताना एकच विचार येतो, १८१९ च्या भूकंपाआधी इथे सिंधूचं पाणी यायचं. हे रस्ते चांगले आणि निर्जन, सांगण्यासारखी अडचण आली नाही. मांडवीहून दोन टप्प्यांत घरी. एकूण पंधराशे किलोमीटरच्या आसपास.

मिठाबद्दल मात्र आळस करू नका. भूजला पोचल्या पोचल्या गोड्या पाण्याने गाड्या धुतल्या, चेन पुसून तेल दिलं. धुतल्यावर पहिले चार-पाच ब्रेक ओले असतात, ते रिकाम्या रस्त्यावर दाबून वाळवा. घरी आल्यावर पुन्हा धुतली. अंगणात मागचं मडगार्ड सोडलं तेव्हा आतल्या कोपऱ्यातून राखाडी, खारट चिखलाचा मूठभर गोळा पडला. चेन गार्डच्या स्क्रूवर तांबूस गंज धरायला लागला होता, सहा दिवसांत. दादाच्या गाडीचे इलेक्ट्रिक जोड उघडून स्प्रे मारला. फाटलेल्या ट्यूबला ठिगळ लावून ती पुन्हा बॅगेत गेली, आणि सुतळीची फळी धुऊन खिडकीत वाळत ठेवली आहे.