गाडी दस्तुरीपर्यंतच

लग्नाच्या पाहुण्यांची व्यवस्था बघणं हे माझं काम. कोण कधी येणार, कुठल्या खोलीत राहणार, कोणाला तळमजला हवा, कोणाला साखर चालत नाही, हे सगळं एका वहीत आणि एका रूमिंग लिस्टमध्ये माझ्याकडे असतं. मंडप, फुलं, स्वयंपाक दुसरी माणसं बघतात. पाहुण्यांना पंधरा दिवस आधी जो कागद जातो, कसं यायचं, कुठं उतरायचं, सोबत काय आणायचं, तो मी लिहिते. फेब्रुवारी २०२० मधल्या माथेरानच्या लग्नाचा कागदही मीच लिहिला होता, आणि त्यातलं एक वाक्य चुकीचं होतं.

नवरीकडचे मुंबईचे. त्यांनी माथेरानचं एक रिसॉर्ट दोन रात्रींसाठी पूर्ण घेतलं होतं. वऱ्हाड साताऱ्याचं, एका मोठ्या बसमधून ४६ माणसं. नवरा आणि त्याचे मित्र आदल्या दिवशीच पोचले होते. चार वाजता हिरवळीवर सीमांतपूजन, मग चहा, आणि ६ वाजून ३७ मिनिटांचा गोरज मुहूर्त.

माथेरानला लग्न करायचं तर बाकी हिल स्टेशनांचा अनुभव फारसा उपयोगी पडत नाही. नेरळहून घाट चढून दस्तुरी नाक्याला आलात की गाडी तिथंच ठेवायची. पुढे खाजगी वाहन नाही. २००३ साली हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, पण मोटारींना वर मज्जाव त्याच्याही आधीपासून होता. नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना झाडी. तेव्हाचे पर्याय चारच: चालत जा, घोड्यावर जा, हातरिक्षात बसा, नाहीतर नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल गाडी पकडा. मंडपाचे बांबू, गॅसच्या टाक्या, झेंडूची पोती, आचाऱ्यांची पातेली, सगळं घोड्यांच्या पाठीवरून आणि हमालांच्या डोक्यावरून वर येतं. त्या लग्नाचं रुखवतही तसंच आलं होतं, साखरेच्या तुळशी वृंदावनासकट, आणि एक पाकळी मोडली नव्हती.

हे सगळं मला पाठ होतं आणि कागदात लिहिलंही होतं. पांढऱ्या चपला नकोत, लाल धूळ बसते. खिडक्या बंद ठेवा, माकडं आत येतात. गरम पाणी सकाळी सात ते दहा. चेक-आउट नऊ वाजता. रोख पैसे जवळ ठेवा. आणि ‘कसे याल’ या मथळ्याखाली एक वाक्य होतं: ‘नेरळ स्टेशनवरून माथेरानची मिनी ट्रेन मिळेल, दोन-अडीच तासांचा निसर्गरम्य प्रवास.’

हे वाक्य मी आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातल्या एका लग्नाच्या कागदावरून उचललं होतं. तेव्हा ते खरं होतं. पण २०१९च्या पावसाळ्यात त्या मार्गावरचे रूळ ठिकठिकाणी वाहून गेले आणि नेरळहून वर येणारी गाडी बंद पडली. अमन लॉज ते माथेरान एवढी शटल तेवढी पुन्हा सुरू झाली होती. मी दरवेळी कारनं दस्तुरीला यायची आणि तिथून शटल धरायची. डोळ्यांसमोर छोटी गाडी धावताना दिसत होती, म्हणून ती खालपासूनच धावत असेल असं मी धरून चालले. एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला माझा फोन वाजला. रिसॉर्टच्या आवारात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर यायची, म्हणून मी खोल्यांच्या किल्ल्या तिथंच मांडून बसले होते. नवऱ्याचे काका बोलत होते. एक्स्प्रेस वेवर घाटात बस तीन तास अडकली होती. आता ते नेरळ स्टेशनात उभे होते.

“ताई, खिडकीवरचे म्हणतायत गाडी बंद आहे. आज नाही, कवापासनंच बंद आहे. आणि तुमच्या कागदात तर लिहिलंय.”

मी गप्प झाले. मग म्हणाले, “काका, चूक माझी आहे. बस घाटात चढणार नाही, ती तिथंच राहू द्या. स्टेशनाबाहेर टॅक्सीस्टँड आहे, पाच-पाच जण बसा. मी दस्तुरीला येते.”

“आईचं काय? तिचे गुडघे…”

“आधी आजींची टॅक्सी सोडा. मी नाक्यावर उभी असते.”

माझ्या यादीत आजींच्या नावापुढं ‘तळमजला, कमोड, खाट भिंतीला लावून’ एवढं लिहिलेलं होतं. खोलीत पोचल्यावर त्यांना काय लागेल याचा मी विचार केला होता. खोलीपर्यंत त्या कशा पोचणार, याचा केला नव्हता.

नवरीच्या आईबाबांना सांगून मी चालत निघाले. उताराची वाट, अर्ध्या तासात नाका. आठवड्याचा मधला वार होता म्हणून टॅक्सी मिळाल्या, नाहीतर शनिवार-रविवारी तिथं उभं राहायला जागा नसते. तरी ४६ माणसं म्हणजे दहा टॅक्सी, आणि त्या एकदम मिळत नाहीत. शेवटची टॅक्सी चारला दहा कमी असताना आली. तोवर एक शटल डोळ्यांदेखत निघून गेली होती. पुढची पाऊण तासानं.

तरण्या पोरांना मी चालत पाठवलं. बायकांपैकी काही जणी घोड्यावर बसायला तयार झाल्या. अश्वपालांनी त्यांना नीट बसवलं, पदर कसा खोचायचा तेही सांगितलं. बॅगा हमालांनी घेतल्या. उरली अकरा वयस्क माणसं, त्यांत आजी. ८४ वर्षांच्या, हिरवं इरकली नेसलेल्या, हातात काठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाई. टॅक्सीतून उतरल्या त्या सरळ सिमेंटच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “आधी मला सांग, इथं बाथरूम कुठं आहे?”

तीन तास बस अडकलेली. त्यांना कोणीच विचारलं नव्हतं.

परत आलो तेव्हा मी हातरिक्षा ठरवून टाकली होती. दोन मोठ्या चाकांची गाडी, पुढं ओढायला एक आणि मागून रेटायला दोघं. चढावर तीन माणसं लागायचीच. पुढचे मामा पन्नाशीचे असतील, पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. त्यांनी गादी झटकली, पायरीशी हात दिला. आजींनी हात धरला नाही.

“मी यात बसायची नाही.”

“आजी, घोडं तर तुम्हाला जमणार नाही,” मी म्हणाले. “मुहूर्त…”

“मुहूर्त मला माहीत आहे. माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही. पोरांना तेच शिकवलं जन्मभर.”

काका चिडले. मामांनी मात्र शांतपणे विचारलं, “आजी, तुम्ही बसला नाहीत तर आजची आमची खेप गेली. घरी काय सांगू?”

आजी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी काठीनं स्वतःची ट्रंक, देवकाचं सामान आणि मिठाईचे डबे दाखवले. “हे ओढा. ठरलेले पैसे पूर्ण घ्या, एक रुपया कमी नाही. सामान ओढा, माणूस नको.”

मामांनी ट्रंक उचलून गादीवर ठेवली.

म्हणजे आजी शटलनंच येणार होत्या. मी अमन लॉजच्या खिडकीवर रांगेत उभी राहिले आणि अकरा तिकिटं काढली. डबे छोटे, जागा मोजक्या. रांगेतल्या एका कॉलेजच्या ग्रुपला सांगितलं तर त्यांनी आम्हाला पुढं केलं.

परत आले तर कट्ट्यापाशी गर्दी. नवरीचे आईबाबा आणि नवरा खाली उतरले होते. नवरीच्या आईच्या हातात तबक होतं, निरांजन, हळदकुंकू, नारळ, आणि बरोबर गुरुजी. हिरवळीवरचं सीमांतपूजन त्यांनी नाक्यावर आणलं होतं. मी काही सुचवलं नव्हतं. नवरीचे बाबा एवढंच म्हणाले, “वऱ्हाड शिवेवर थांबलंय, तर शिवेवरच जायला हवं.”

सीमांत म्हणजे गावाची हद्द. पूर्वी वऱ्हाड तिथवर आलं की मुलीकडचे सामोरे जात. हल्ली ते हॉलच्या दारात किंवा स्टेजवर होतं, मीही शंभरदा तसंच मांडून दिलं आहे. त्या दिवशी टॅक्सीचे हॉर्न, लिदीचा वास आणि कणीस भाजणाऱ्या बाईच्या धुरात ते खऱ्याखुऱ्या हद्दीवर झालं. नवऱ्याचे पाय धुतले ते बिसलेरीच्या बाटलीतल्या पाण्यानं. आजींना ओवाळलं तेव्हा त्या कट्ट्यावरून उठायला लागल्या, तर नवरीची आई म्हणाली, “बसा आजी, आम्हीच येतो जवळ.” माझ्या घशात आवंढा आला. ही सगळी माणसं माझ्या एका वाक्यामुळे तिथं उभी होती, आणि एकानंही मला त्या तासात दोष दिला नव्हता.

शटल आली. त्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, डबा बुटका, पण पायरी फलाटापासून तरी उंच वाटली. दोन नातवांनी आजींना काखेत धरून चढवलं. खिडकीशी बसल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. मी शेजारी उभी. काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, की हा मार्ग आदमजी पीरभॉय कुटुंबानं स्वतःच्या पैशानं बांधला, १९०७ साली गाडी सुरू झाली, नेरळपासून वीसएक किलोमीटर, वाटेत जुम्मापट्टी आणि वॉटर पाईप ही स्टेशनं.

“आणि ती वाहून गेली कधी?” आजींनी विचारलं.

“गेल्या पावसाळ्यात.”

“हं.” त्या बाहेर बघत राहिल्या. वीस मिनिटांत माथेरान.

स्टेशनापासून रिसॉर्ट माझ्या पायांनी दहा मिनिटं. आजींच्या पायांनी, मध्ये चार वेळा थांबून, पस्तीस. शेवटच्या चढाला नातू म्हणाले खुर्चीत बसवून नेतो. आजींनी विचारलं, “घरची पोरं ना? मग चालेल.” प्लॅस्टिकची खुर्ची, चार पोरं, आणि पुढं ट्रंक घेऊन मघाशीच पोचलेले रिक्षावाले मामा परत येऊन वाट दाखवत होते. सहाला आजी खोलीत होत्या. ६ वाजून ३७ मिनिटांनी त्या पहिल्या रांगेत बसून अक्षता टाकत होत्या. दहाच्या आत वाजंत्री बंद झाली आणि मग जंगलातले रातकिडे ऐकू यायला लागले.

जेवणं आटोपल्यावर आजींनी मला बोलावलं. त्यांच्या मांडीवर माझा तो कागद होता, घड्या पडलेला.

“हा तू लिहिलास?”

“हो. ट्रेनचं चुकलं, आजी. मी विचारून घ्यायला…”

“ते झालं. चष्मा लाव आणि बस. पेन घे.”

शाळेतल्या बाईंसमोर बसावं तशी मी बसले. त्यांनी कागद वाचला, एकेक ओळ, बोट ठेवून. ‘निसर्गरम्य’वर बोट थांबलं. “हे काढ. निसर्ग आम्हाला दिसेल. गाडी कुठपर्यंत जाते ते सगळ्यात वर लिही, मोठ्या अक्षरात.” मी लिहिलं: गाडी दस्तुरीपर्यंतच. “मोठी बस चढत नाही, ते लिही. पुढं किती चालायचं, ते मिनिटांत नको, तुझी मिनिटं वेगळी आणि माझी वेगळी. बसायला कट्टे कुठं आहेत ते लिही. बाथरूम कुठं कुठं. शटल चुकली तर पुढची कधी. चौकशी कोणत्या तारखेला केलीस, ती तारीख घाल. आणि पायऱ्या. किती पायऱ्या ते कोणीच कधी लिहीत नाही.”

“पायऱ्या मी मोजलेल्या नाहीत, आजी.”

“मग मोज.”

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदावर तारीख असते. २२ ऑक्टोबर २०२२ला नेरळहून गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा कागद बदलला. पावसाळ्यात नेरळची गाडी दरवर्षी बंद असते, तीही ओळ आता आहे. माथेरानचं लग्न असलं की मी स्वतः दस्तुरीला टेबल मांडून बसते, पिण्याचं पाणी, खुर्च्या आणि हमालांशी आधी ठरवलेले दर घेऊन. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माणसानं ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात असंही म्हटलं. ती बातमी वाचताना मला कट्ट्यावरच्या आजी आठवल्या, आणि तितकेच ते मामाही, घरी काय सांगू म्हणणारे.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे नाश्ता करत असताना मी माथेरान स्टेशनवर गेले आणि आजींच्या वाटेनं परत चालत आले, मोजत. फलाटावरून रस्त्यावर, रस्त्यावरून फाटकात, फाटकातून तळमजल्याच्या ओट्यापर्यंत. पायऱ्या २७ होत्या. त्यांतल्या ९ पायऱ्यांना कठडा नव्हता.