रकाना रिकामा ठेवायची मुभा

हातातलं पीक पाण्यात गेलेल्या बाईला ‘आज तीन चांगल्या गोष्टी सांगा’ म्हणणं म्हणजे तिला गप्प बसवणंच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत मी समुपदेशक म्हणून फिरते. बचत गटाच्या बायकांसाठी आमच्या संस्थेनं मोबाइलवरची एक कृतज्ञता डायरी घेतली आहे. तिच्या जुन्या आवृत्तीवर माझा राग होता, तो याच कारणासाठी. तीन रकाने भरल्याशिवाय नोंद जतनच व्हायची नाही. एक दिवस चुकला की सलग दिवसांचा आकडा शून्यावर यायचा. निंदणाच्या हंगामात पहाटे चारला उठणाऱ्या बाईला रात्री नऊला फोन वाजवून उठवायचं आणि वर तो शून्य दाखवायचा, हे मला पाहवत नसे.

मुळात ज्या अभ्यासांच्या आधारानं अशी ॲप्स निघाली, त्यांत ही सक्ती नव्हती. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचा एक गट दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच लिहीत होता, आणि सूचना होती पाच‘पर्यंत’ गोष्टी लिहायची. दोन सुचल्या तर दोन. रोज तीन गोष्टींची रीत मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासातली. तीही आठवडाभरापुरती, आणि प्रत्येक गोष्ट का घडली तेही लिहायचं होतं. हे ‘का’ जुन्या ॲपमध्ये कुठंच नव्हतं. आमच्या बायकांच्या तक्रारी आणि हे मुद्दे मी बनवणाऱ्यांना सविस्तर लिहून कळवत गेले. त्यांनी ते मनावर घेतलं, याचं मला खरंच समाधान आहे.

नवी आवृत्ती आली तेव्हा पाऊस लागून राहिलेला होता. कापलेलं सोयाबीन सुडीत, म्हणजे रचलेल्या ढिगात, भिजत होतं आणि शेंगांतच कोंब फुटले होते. अशा वेळी गटाची बैठक घ्यावी की नाही, असं मनात आलं. पण बायकाच म्हणाल्या, या, घरी बसून तरी काय करतो. ग्रामपंचायतीच्या सभागृहात सगळ्या जमल्या. एकेकीचा फोन हातात घेऊन ॲप अद्ययावत करायचं काम सुरू झालं. निम्म्या फोनांत जागाच नव्हती. लेकरांचे व्हिडिओ कोणते काढायचे, यावरच वेळ गेला.

नोंद करायची आठवण फोनवर यायची बंद झाली अशी बऱ्याच जणींची तक्रार होती. त्याचं कारणही कळलं. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायला प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि ॲप उघडताच समोर आलेल्या त्या चौकटीवर बायका घाबरून ‘नको’ दाबत होत्या. आता ती परवानगी पहिली नोंद झाल्यावर, कशासाठी हवी ते सांगून विचारली जाते. वेळ आणि वारही आपला आपण ठरवता येतो. बहुतेकींनी आठवडी बाजाराचा दिवस घेतला. त्या दिवशी वावरात सुट्टी असते, चुकारा हातात आलेला असतो, जरा बसायला मिळतं. २००३ च्या त्या अभ्यासातला आठवड्याचा हिशेब असा आपसूक परत आला.

त्या बैठकीत एक काकू होत्या. सहीपुरतं लिहिता येतं, गुडघे दुखतात, घरात मुलगा, सून, दोन नातवंडं. काही महिन्यांपासून त्या आमच्याकडे समुपदेशनाला आहेत, तालुक्याच्या डॉक्टरांचं औषधही सुरू आहे. मी फोन त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो परत माझ्या मांडीवर ठेवला.

“कायचे आभार मानू व मॅडम? सोयाबीन गेलं. पंचनामा कराले कोणी आलं नाई. देवाचे मानू का सरकारचे?”

जुनं ॲप असतं तर इथंच थांबलो असतो. मी त्यांना नव्या पडद्यावरची दोन बटणं दाखवली. एक, ‘आज काही नाही’. ते दाबलं की नोंद तेवढीच होते, पुढं कोणी विचारत नाही. दुसरं, ‘मनातलं बोला’. त्यात चांगलंच बोलायचं बंधन नाही. माइकचं चिन्ह दाबायचं आणि बोलायचं. मराठीत बोललेलं टाइप करण्याची सोय गूगलनं २०१७ सालीच आणली, पण आमच्या वऱ्हाडी बोलीत ती फार अडखळते, आणि तिला बहुतेक वेळा नेटही लागतं. म्हणून आता ॲप आवाजच ठेवतं. मिनिटभराचा आवाज साधारण १८० केबीत मावतो आणि नेट नसलं तरी अडत नाही.

काकूंनी चिन्ह दाबलं. फोन तोंडासमोर आडवा धरला आणि बोलत सुटल्या. सोयाबीन, सोसायटीचं कर्ज, मुलाचं न बोलणं, सुनेशी झालेली खणाखणी, गुडघा. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. बाकीच्या बायकांचीही कुजबुज थांबली होती. बराच वेळ असं चालल्यावर काकूंचा आवाज जरा खाली आला.

“काल रातच्याला वारं सुटलं, ताडपत्री उडाली. मी एकटीच होती वावरात. शेजारच्याची पोट्टी आली धावत. म्या हाक नाई मारली, कोणी धाडली नाई. चिखलात उभी राह्यली कोपरा धरून, मी गोटे आणेपर्यंत. भिजून चिंब झाली लेकरू.”

पडद्यावर एकच प्रश्न आला, ‘हे का घडलं असेल?’ मी तो वाचून दाखवला. काकू थांबल्या, मग म्हणाल्या, “तिच्या मायच्या बाळंतपणात म्या राबली होती ना. मायनं सांगतलं असन तिले.”

मग त्यांनी ध्वनिमुद्रण ऐकलं. फोन कानाला लावला की आवाज आता कॉलसारखा कानातल्या स्पीकरमधूनच येतो, खोलीभर पसरत नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या बाईला हे किती मोलाचं आहे, ते सांगायला नको. ऐकता ऐकता त्यांनी विचारलं, “हे पोरीले आयकवता येईन का? पण सुनेचं नको, तिचं तिचं.”

तीही सोय होती. दोन्ही टोकं बोटानं सरकवून नको तो भाग वगळायचा, राहिलेला तुकडाच पाठवायचा. मूळ नोंद तशीच राहते. आम्ही ‘काल रातच्याला’पासून ‘लेकरू’पर्यंतचं ठेवलं आणि त्या मुलीच्या आईच्या फोनवर पाठवलं.

थोड्या वेळानं ती मुलगीच सभागृहाच्या दारात आली. अंगावर शाळेचा गणवेश, पायांना पोटरीपर्यंत चिखल. आभाराबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, “काकू, सुडी खालून तापली. आत हात घातला म्या. आज पसरली नाई तर सारीच जाईन.” आणि सभागृहाच्या कोरड्या फरशीकडं बघून म्हणाली, “अथी पसरू ना.”

बैठक तिथंच संपली. सरपंचबाई गटातल्याच, त्यांनी लगेच होकार दिला. बायकांनी सतरंज्या गुंडाळल्या, दोघीतिघी ताडपत्री घेऊन वावरात गेल्या, काकूंचा मुलगा बैलबंडी घेऊन आला. संध्याकाळपर्यंत सभागृहभर ओलं सोयाबीन पसरलं होतं, आणि आणखी दोन घरांचंही आलं. कोंब फुटलेलं वेगळं काढायला सून सासूच्या शेजारीच बसली होती.

यात ॲपचं श्रेय किती, हे मला मोजता येणार नाही आणि मोजायचंही नाही. पावसाची भरपाई डायरीनं होत नाही. पंचनामा व्हायलाच हवा, आणि त्यासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं गेलो. काकूंचं औषधही चालूच आहे. निघण्याआधी मी त्यांना नैराश्य तपासायचे नेहमीचे नऊ प्रश्न विचारले, त्यातला जीव नकोसा वाटण्याबद्दलचा नववाही. त्यांनी मान हलवून ‘नाई’ म्हटलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक नव्या आवृत्तीत पहिल्याच पडद्यावर आहे. तो साधा फोन आहे, नेट लागत नाही, हे सांगून मी प्रत्येकीचं बोट एकदा दाबायच्या जागेपर्यंत नेऊन घेतलं. माझ्या दृष्टीनं या आवृत्तीतला सगळ्यांत गरजेचा बदल तोच.

एक गोष्ट मात्र अजून अडते. सोयाबीन निवडता निवडता सुनेनं मला हळूच विचारलं, “मॅडम, मले बी बोलाचं आहे. पण फोन तर एकच हाये, आईचा. माह्यावालं येगळं ठेवता येते का?” सध्या येत नाही. कुलूप आहे, पण ते अख्ख्या ॲपला एकच. एका फोनवर दोन डायऱ्या, दोघींचे पिन वेगळे, आणि एकीला दुसरीच्या नोंदी किती आहेत तेही दिसू नये, अशी मागणी मी त्याच रात्री बनवणाऱ्यांना पाठवली आहे.