लमडिंगचा फोटो

आमच्या मिरजेच्या घरात आजोबांचा एकच फोटो. खाकी हाफपँट, तिरकी टोपी, हातात वेताचं मोठं कडं आणि मागे इंजिन. "आजोबा ब्रह्मदेशच्या लढाईत होते," एवढंच आम्ही ऐकत आलो. आजीच्या ट्रंकेत बर्मा स्टार हे त्या लढाईचं पदक होतं, त्यामुळे कुणी जास्त विचारलंही नाही.

गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली म्हणून फ्रेम उघडली, तर फोटोच्या मागे मोडीत एक ओळ. शब्द न तोडता लिहिलेली, शाई उडालेली. ओळखीच्या एका मोडी जाणकारांनी दोन दिवसांनी फोन केला: "लमडींग मुकामी, सन १९४४."

लमडिंग आसामात आहे.

मग भिंग घेऊन फोटोच वाचायला बसलो. इंजिनाला पुढे मधोमध एकच बफर, म्हणजे मीटरगेज, एक मीटर अंतराच्या रुळांवरचं. चाकं मोजली: पुढे एक लहान, मग चार मोठी, मागे पुन्हा एक लहान. इंजिनांचा नाद असलेल्या मित्राने बघताक्षणी ओळखलं. हे मॅकआर्थर, युद्धासाठी अमेरिकेत बांधून आणलेलं. आजोबा मिरज शेडचे फायरमन, आणि तेव्हा आसामसारखीच पुणे-मिरज-हुबळी लाइनही मीटरगेजच होती. आसामला अशा माणसाची गरज का पडली असेल, ते लगेच लक्षात आलं.

जानेवारीत निघालो. गुवाहाटीला उतरून आधी पांडू घाटावर गेलो, कारण सगळी वाहतूक तिथेच तुंबायची. कलकत्त्याहून ब्रॉडगेजने आलेला माल पार्वतीपूरला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, मीटरगेजच्या डब्यांत भरायचा. ते डबे अमीनगावला तराफ्यांवर चढवून ब्रह्मपुत्रा ओलांडायची आणि इकडे पांडूला पुन्हा रुळावर घ्यायचे. सराईघाटचा पूल १९६२ चा. युद्धात तो नव्हता. घाटावर उभा राहिलो तेव्हा धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. दारूगोळा, पेट्रोल, तांदूळ, खेचरं, सगळं या पाण्यावरून गेलं. चहावाहतुकीसाठी टाकलेल्या लाइनवर हा एवढा भार! शेवटी १ मार्च १९४४ ला कटिहार ते लेडो हा ८०४ मैलांचा पट्टा अमेरिकी लष्करी रेल्वेने चालवायला घेतला. आपल्याकडचे हजारो रेल्वेवाले त्यांच्याबरोबर राबत राहिले. त्यांची आठवण आपण ठेवली नाही, हे मला मनापासून लागतं.

लमडिंगच्या पुढे दिमापूर. त्या वेळी स्टेशनचं नाव मणिपूर रोड. तिथून कोहिमा ७४ किलोमीटर, आणि एप्रिल १९४४ मध्ये जपानी कोहिमाला येऊन भिडले होते. त्यांना हटवायला धाडलेली ब्रिटिशांची दुसरी डिव्हिजन आपल्या बेळगाव-नगर भागात सराव करत होती! कोहिमाच्या स्मशानभूमीत १,४२० कबरी आहेत आणि दहन झालेल्या ९१७ हिंदू-शीख जवानांचं स्मारक. ती नावं मी संथपणे वाचली. मराठी वाटणारं नाव आलं की थांबत होतो.

परतताना लमडिंगला मुक्काम केला. मीटरगेज गेलं, पण गाव अजून रेल्वेचंच आहे. पहाटे फलाटावर चहा घेताना शेजारी एक निवृत्त बंगाली गार्ड बसले होते. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही, बोट थेट कड्यावर ठेवलं.

"लाईन क्लिअर."

सिंगल लाइन. हे कडं हाती आल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, डावा हात कोपरात वाकवून बाहेर काढला आणि चालत्या इंजिनातून कडं कसं झेलायचं ते करून दाखवलं. वेत दंडावर फाडकन बसायचा, म्हणाले. रात्री, पावसात, दिवे झाकलेले असताना तर फारच.

बर्मा स्टार आसामातल्या सेवेलाही मिळायचा, हे मला एव्हाना कळलं होतं. आजोबांनी ब्रह्मदेश कदाचित पाहिलाही नसेल.

तिथूनच बाबांना फोन लावला. "आजोबांच्या हातावर कसला डाग होता का हो?"

बाबा जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "डाव्या. कोपराच्या वर, काळा पडलेला. आई रोज तेल लावायची त्याला."