ब्लूम्सबरीत रोमन नाण्यांच्या मागावर

लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनातून बाहेर पडून ग्रेट रसेल स्ट्रीटला लागलं की चालत थोड्याच वेळात ब्रिटिश म्युझियम येतं. प्रवेश फुकट. गर्दी ममींकडे वळते. नाण्यांची हौस असेल तर वरच्या मजल्यावरचं ४९ क्रमांकाचं दालन आधी गाठावं. हॉक्सन गावी सापडलेला रोमन नाण्यांचा साठा तिथे आहे. १९९२ साली सफोकमध्ये शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना जवळपास पंधरा हजार नाणी हाती लागली, बहुतेक चांदीचे सिलिक्वे. त्यांच्या कडा बघा. चांदी कातरून घेतली आहे, पण सम्राटाचा चेहरा शाबूत ठेवून. पुढे ६८ क्रमांकाचं पैशाचं दालन आहे.

दुकानात जाण्याआधी हे बघून घ्यायचं ते नजर बसावी म्हणून. नाण्यांची दुकानं संग्रहालयाच्या परिसरातच सापडतात. खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असावा. चांगला विक्रेता वजन करू देतो. कुरकुर करणाऱ्याकडून मी घेत नाही.

नाणं ओळखताना आधी धातू आणि वजन. ऑगस्टसच्या काळचा चांदीचा दिनार साधारण ३.८ ग्रॅमचा. इ.स. ६४च्या सुमारास नीरोने तो हलका केला, तेव्हापासून ३.४ ग्रॅमच्या आसपास, रुंदी १८ मिलिमीटरच्या आगेमागे. मग डोकं: तुरेवजा किरणांचा मुकुट आणि तिसऱ्या शतकातला चेहरा असेल तर ते बहुधा अँटोनिनियानस नावाचं दुसरं नाणं. ते २१५ साली सम्राट कॅराकॅलाने काढलं, आणि पन्नासेक वर्षांत त्यात चांदी नावालाच उरली.

त्यानंतर अक्षरं वाचायची. यू ऐवजी व्ही कोरलेला असतो. टीआर पी (वाहिन्यांचा तो टीआरपी नव्हे) म्हणजे सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळणारा ट्रिब्यूनचा अधिकार. पुढच्या आकड्यावरून नाण्याचं वर्ष निघतं. सीओएसपुढचा आकडा म्हणजे सम्राट कितव्यांदा कॉन्सल (रोममधलं वरिष्ठ पद) झाला ते. सम्राट अँटोनायनस पायसच्या नाण्यावर तो चार असेल, तर नाणं १४५ ते १६१ मधलं. उत्तरकाळच्या तांब्याच्या नाण्यांवर तळाच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते. पीएलएन किंवा पीएलओएन म्हणजे लंडन. कॉन्स्टंटाइनने ही टांकसाळ ३२५च्या सुमारास बंद केली. इतकं वाचलं की ऑक्रे या मोफत ऑनलाइन सूचीत त्या नाण्याचा आरआयसी (रोमन नाण्यांच्या प्रमाण सूचीतला) क्रमांक सापडतो.

दोन हजार वर्षं जुनं म्हणून नाणं महाग, हा समज दुकानात शिरण्यापूर्वी सोडावा. कॉन्स्टंटाइनचं साधं तांब्याचं नाणं पंधरा-वीस पौंडांतही मिळतं. पायसचा वाचता येणारा दिनार साधारण शंभरच्या आतबाहेर, सोन्याचा ऑरियस हजारांत. भाव ठरतो चेहरा, अक्षरं, ठसा मधोमध बसलाय का, आणि मागच्या मालकांचे कागद आहेत का यावर. भारतात सापडलेल्या ऑरियसवर पुष्कळदा चेहऱ्यावर छिन्नीचा घाव असतो. १८९८ साली पुदुकोट्टईला मिळालेल्या ५०१ नाण्यांपैकी बहुतेकांवर तो आहे. दुकानाचा भाव लिलावाच्या जुन्या निकालांशी ताडून बघावा. त्या निकालांत खरेदीदाराने लिलावघराला द्यायचं कमिशन धरलंय का हे तपासावं, ते वीस टक्क्यांच्या पुढेही जातं.

ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोलसर, पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि काठावर जोडरेघ दिसते. ती कानशीने घासलेली असली तर घासल्याच्या खुणा राहतात. चांदीखालून तांबं डोकावत असेल आणि वजन कमी भरत असेल, तर ते रोमन काळातलंच बनावट नाणं असू शकतं. असली नाणीही लोक हौसेने जमवतात. सेस्टर्शियस या मोठ्या पितळी नाण्यावर केसांच्या बटा जरा जास्तच रेखीव दिसल्या, तर कुणीतरी अलीकडे कोरल्या आहेत असं समजा. मला ही लबाडी ओतीव नकलेपेक्षा वाईट वाटते, कारण नाणं खरं असतं आणि कायमचं बिघडतं.

ब्रिटनच्या मातीत सापडलेल्या नाण्याला निर्यात परवाना लागू शकतो, तेव्हा ते कुठलं हे पावतीवर लिहून घ्या. मुंबईला उतरल्यावर पावतीसह कस्टममध्ये जाहीर करा. भारताच्या १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून पुढे लंडनलाच विकू हा बेत धरू नका.

तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा. क्लोराइड आणि दमट हवा एकत्र आली की धातू पोखरला जातो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे फार लवकर होतं. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि जून ते सप्टेंबर ती वरचेवर बदला.