इंदूरची नोंद आणि जन्मस्थळाचा रकाना

कोशातील शहरांच्या नोंदी तपासणे हे माझे काम. पर्जन्यमान आणि लोकसंख्येचे आकडे वाचक क्वचितच पडताळून पाहतात. ‘येथे जन्मलेल्या प्रसिद्ध व्यक्ती’ हा शेवटचा परिच्छेद मात्र प्रत्येक जण आधी वाचतो. इंदूरच्या नोंदीचे अंतिम मुद्रित छपाईला जायचे होते, त्या दिवशी याच परिच्छेदावरून झालेला वाद अद्याप माझ्या मनातून जात नाही.

बहुतेक नावे निर्विवाद होती. लता मंगेशकर (१९२९), चित्रकार ना. श्री. बेंद्रे (१९१०), राहुल द्रविड (१९७३), आणि १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशातील पहिले भारतीय कसोटी शतक नोंदवणारे मुश्ताक अली (१९१४). मात्र मुद्रितात याच ओळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही नाव होते. ते महूच्या नोंदीत हलवावे, असे मी समासात लिहिले.

महू इंदूर जिल्ह्यातच आहे आणि वाचक ते नाव इंदूरखालीच शोधतील, असे आमच्या ज्येष्ठ संपादकांचे म्हणणे होते. ते सहज खोडून काढण्यासारखे नव्हते. पण बाबासाहेबांचा जन्म झाला त्या १८९१ साली इंदूर ही होळकरांची राजधानी होती, तर महू ही १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर वसलेली ब्रिटिशांची लष्करी छावणी. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ ब्रिटिशांच्या सैन्यात सुभेदार होते. कोकणातील आंबडवे गावचे हे कुटुंब माळव्यात कसे आले, हे त्या छावणीच्या उल्लेखाविना वाचकाला कळणारच नाही. जन्मस्थळाच्या नोंदीतून माणूस त्या जागी कशामुळे पोहोचला एवढे तरी समजले पाहिजे, असे मी ठामपणे मांडले आणि ते मान्य झाले.

त्याच बैठकीत मी सी. के. नायडूंचे नाव घालण्याची विनंती केली, ती मात्र फेटाळली गेली. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे हे कर्णधार १८९५ साली नागपूरला जन्मले. १९२३ मध्ये होळकर महाराजांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला आले, होळकर संघाचा कणा झाले आणि १९६७ मध्ये इंदूरलाच वारले. त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. तरीही परिच्छेदाचे शीर्षक ‘जन्मलेल्या’ असल्यामुळे त्यांना जागा नव्हती, आणि उरलेल्या ओळीत सलमान खान यांचे नाव आले. तेही १९६५ साली इंदूरलाच जन्मले असल्याने नियमाने हे बरोबरच होते. परंतु नियम पाळल्याच्या समाधानात नोंद अपुरी राहते आहे, याची खंत बैठकीत कोणालाच वाटली नाही, हे मला आजही खटकते.

जन्माचा निकष तपासायला सोपा असतो, म्हणून कोशकारांना तो प्रिय आहे. पण त्याच निकषाने, मूळ गोव्यातील मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या कन्येवर इंदूरचा हक्क निर्विवाद ठरतो, तिचे बालपण ज्या सांगलीत गेले त्या शहराच्या नोंदीत मात्र तिला स्थान मिळत नाही. म्हणून पुढील आवृत्तीसाठी ‘कर्मभूमी’ असा स्वतंत्र परिच्छेद असावा, असे टिपण मी नायडूंचे नाव पहिले लिहून मंडळाकडे दिले आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.