यासुगीत ताइकानच्या चित्रांसमोर

जपानमधल्या यासुगी स्टेशनबाहेर अदाची कला संग्रहालयाची मोफत बस मिळते. वीसेक मिनिटांचा रस्ता. बहुतेक लोक इथल्या बागेसाठी येतात, मी मात्र योकोयामा ताइकानसाठी (१८६८–१९५८) आलो होतो. जपानी पारंपरिक शैलीत निसर्ग रंगवणाऱ्या या चित्रकाराची शंभराहून अधिक चित्रं इथे आहेत.

तरी आधी बागच पाहावी. आत पाऊल टाकता येत नाही, काचेतून बघायची. पांढरी वाळू, काळे पाइन, आणि मागचे खरे डोंगर इतके बेमालूम मिसळलेले की बाग कुठे संपते ते कळत नाही. संस्थापक अदाची झेन्को यांचा ताइकानवर फार जीव. नाची धबधब्याच्या त्याच्या चित्रावरून त्यांनी १९७८ साली समोरच्या कड्यावर पंधरा मीटरचा धबधबा तयार करून घेतला. बाग आणि कडा यांच्यामध्ये रस्ता आहे, पण तो दिसत नाही.

वरच्या मजल्यावर ताइकान. शरद ऋतूत आलात तर १९३१ सालचा ‘लाल पानांचा’ भव्य, घड्यांचा चित्रपडदा भेटतो: गडद निळं पाणी आणि त्यावर पेटलेला मेपल. डोळे दिपतात हे खरं, पण मला त्याहून प्रिय आहेत त्याचे शाईतले धुकट डोंगर. तरुणपणी ताइकान आणि त्याचा मित्र हिशिदा शुन्सो यांनी बाह्यरेषाच सोडून दिली आणि रंग ओला असतानाच ब्रशने पसरवून हवा नि ओलावा रंगवला. समीक्षकांनी टर उडवली, चित्रं विकली जाईनात. याच काळात, १९०३ साली, दोघं कलकत्त्याला ठाकूर कुटुंबाकडे आले. ताइकान पाण्याने कागद ओलावतो हे पाहून त्या घरातले चित्रकार अवनींद्रनाथ यांनी अख्खं चित्रच पाण्यात बुडवलं! अवनींद्रनाथांनी रुजवलेल्या बंगाल चित्रशैलीतलं ते तरल धुकं इथूनही आलेलं आहे. आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या तासाला हे कुणी सांगायला हवं होतं.

एक सांगतो: इथली मांडणी ऋतूनुसार बदलते, तेव्हा ठराविक चित्र पाहायचं असेल तर आधी चौकशी करा. पाण्याच्या थेंबापासून समुद्रापर्यंतचा प्रवास सांगणारी त्याची चाळीस मीटर लांब गुंडाळी मात्र इथे नाही, ती तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी ती पहिल्यांदा प्रदर्शनात मांडली आणि त्याच दिवशी तोक्यो परिसराला हादरवणारा कांतोचा महाभूकंप झाला. चित्र वाचलं. पुढच्या खेपेला तेच पाहायचं आहे.