साठीनंतर मातीकाम: आधी हात, मग चाक

मातीकाम म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाकच येतं. पण साठीच्या आसपास सुरुवात करणाऱ्यांनी पहिले दोन-तीन महिने चाकावर बसूच नये, असं माझं ठाम मत आहे. गोळा मधोमध आणायला लागणारा जोर मनगटावर आणि कमरेवर येतो. मातीचा अंदाज बोटांना येण्याआधीच अंग दुखायला लागतं आणि चांगली माणसं क्लास सोडून देतात.

पिंच पॉटने, म्हणजे चाकाशिवाय नुसत्या बोटांनी दाबून केलेल्या भांड्याने, सुरुवात करा. 300 ग्रॅम मातीचा गोळा तळहातात घ्या, अंगठा मधोमध खुपसा आणि तळाला 1 सेंटिमीटर माती राहू द्या. मग गोळा फिरवत, तळाकडून वर दाबत या. भिंत 6 ते 8 मिलिमीटर हवी. काठाला भेगा दिसल्या तर पाणी ओतू नका, ओल्या बोटाने काठ घोटा. पाणी जास्त झालं की भांडं बसलंच. सांधे दुखत असतील तर माती जरा मऊ घ्या, आणि पग मिलमधून (माती मळणाऱ्या यंत्रातून) निघालेली तयार माती आणा म्हणजे मळण्याचे कष्ट वाचतात.

कपाला कान लावताना दोन्ही भाग सारखेच ओले असावेत. जोडायची जागा सुईने आडवी-उभी खरवडून त्यावर मातीची राबडी लावा आणि मग दाबा. सुकत आलेल्या कपाला ओला कान लावला की कान जास्त आकसतो आणि जोडावर चीर पडते.

चाकाची वेळ आली की विजेचंच घ्या. स्टूल तबकडीच्या उंचीचं असावं. कमरेचा त्रास असेल तर चाक मजबूत ठोकळ्यांवर उचलून उभ्यानेच काम करा. समोर आरसा ठेवा, म्हणजे आकार बघायला वाकावं लागत नाही. गोळा अर्ध्या किलोचाच. बसून काम करताना डावं कोपर मांडीला घट्ट टेकवा आणि अंगाचा भार पुढे द्या. नुसत्या हाताच्या ताकदीने गोळा मध्यावर येत नाही. तळ उघडल्यावर तो बोटांनी बाहेरून मध्याकडे दाबून घ्या. हे राहिलं की सुकताना किंवा भाजताना तळाला 'एस' आकाराची चीर जाते.

घाई सगळ्यात जास्त नडते ती सुकवताना. काठ आधी सुकतो, तळ मागे राहतो, भांडं वाकडं होतं. सैल प्लास्टिक टाकून आठवडाभर सावलीत ठेवा, काठ कडक झाला की उपडं करा. पूर्ण सुकलं का, हे गालाला लावून कळतं: गार लागलं तर आत ओल आहे. भट्टीत भांडी फुटतात ती बहुतेक वेळा याच ओलीमुळे. पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. म्हणून पहिल्या भाजणीत 100 अंशांपर्यंत अगदी सावकाश जायचं, मग 950 ते 1000 अंश सेल्सिअस.

ग्लेझ, म्हणजे भांड्यावर भाजून चढवायचा काचेसारखा लेप, विकत घेताना शिसं नसलेलं आणि तुमच्या मातीच्या तापमानाला जुळणारंच घ्या. तळाचे 3-4 मिलिमीटर ओल्या स्पंजने पुसून कोरे ठेवा, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला चिकटतं. आणि कामाची जागा कोरड्या झाडूने कधीही झाडू नका. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठते. ओल्या फडक्यानेच पुसा.